इंदूने न घेतलेलं नाव

इंदूच्या तेराव्याला जेवायला आलेल्या बायकांसमोर माझी थोरली बहीण अक्का म्हणाली, "अशी मर्यादेची बाई आता व्हायची नाही. सासऱ्यांचं नाव जन्मात तोंडातून काढलं नाही. मुलाला तेच नाव ठेवलं, तर पोटच्या पोरालाही कधी नावाने हाक मारली नाही."

बायकांनी माना डोलावल्या. शेजारच्या मिश्राइनने डोळे पुसले. "देवी थीं," म्हणाली.

मी दाराशी खुर्चीवर होतो. उठून सांगणार होतो की हे साफ खोटं आहे, पण लल्लाने माझा दंड धरला. "बाबा, पंगत बसलीय." म्हणून तेव्हा गप्प बसलो आणि आता लिहून काढतोय. मी आठवीपर्यंत शिकलेला, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. हात पान्याला सरावलेला, पेनाला नाही. अक्का नव्वदीला टेकलीय. तिला आता वाचता येत नाही, पण नगऱ्याला, तिच्या सासरी, नाती आहेत, त्या वाचून दाखवतील. जरा मोठ्याने वाचा गं पोरींनो, तिला ऐकूही कमी येतं.

इंदू मर्यादेची नव्हती. इंदू डूख धरणारी होती. ज्या गोष्टीसाठी तिने आयुष्यभर दात आवळून धरले, ती गोष्ट अक्काने तेराव्याच्या जेवणात मर्यादा म्हणून वाटून टाकली. माणूस मेल्यावर त्याचा सूडसुद्धा चोरायचा म्हणजे फार झालं.

मर्यादा म्हणे! लग्न होऊन दोन महिने झाले नसतील, मी सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलो की ही ओट्यावरून ओरडायची, "वसंता, येताना कोथिंबीर आणलीस का?" शहराच्या वेशीवरच्या ओरछा गेटच्या आतल्या सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आमच्या शेजारणी नवऱ्याला 'सुनो जी' म्हणणाऱ्या. त्या तोंडाला पदर लावायच्या. अक्का एकदा माहेरपणाला आली असताना तिने टोकलं.

"इंदू, नवऱ्याला नावाने हाक?"

"मग काय वन्सं, शेजाऱ्याच्या नावाने मारू?"

उंचीला बेताची, अंगाने काटकुळी, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा परवडला. बोलताना एक हात कमरेवर. दोरा तोडायला कात्री शोधायची नाही, दाताने तोडायची. गल्लीतलं कुणाचंही पोर दुपारी भुकेलं दिसलं की त्याच्या हातात तूप-गुळाची पोळी. पण कुणी तिचा अपमान केला तर ती भांडायची नाही. एवढंच म्हणायची, "ठेवून दिलंय." म्हणजे काय ते ज्याच्यासाठी ठेवलं त्याला पुढे कळायचं.

गेटाबाहेर एक भाजीवाला बसायचा. त्याने एकदा वर चांगले आणि खाली सडके बटाटे घातले. ही परत घेऊन गेली तर म्हणाला, "अम्मा, आँखें तो आपके पास भी हैं।" दुसऱ्या दिवसापासून ती लांबच्या मंडईतून भाजी आणायची आणि येताना भरलेली पिशवी घेऊन याच्या गाड्यापुढे थांबायची. भेंडी कैसी दी? टमाटर कैसे दिए? एकेका भाजीचा भाव विचारायची, मान हलवायची, चालू पडायची. रोज. पुढे तो म्हातारा घरी बसला आणि त्याचा मुलगा गाडा लावायला लागला. मला वाटलं, आता संपलं. कसलं संपतंय? मुलालाही भाव सांगावे लागले.

बटाट्यांसाठी एवढं, मग भावासाठी किती ते तुम्हीच बघा.

इंदूचे आईबाप ती लहान असतानाच गेले. थोरल्या भावाने, माधवने, तिला वाढवलं. तो गरौठ्याला तहसिलीत कारकून होता. स्वतःचं लग्न केलं नाही, आधी हिचं करायचं म्हणून. हिची वेणी तो घालायचा, एका बाजूला वाकडी व्हायची, आणि शाळेतल्या पोरी हसल्या तरी ही ती सोडायची नाही. लग्नात त्याने माझा हात धरून सांगितलं होतं, "हट्टी आहे, पण मायाळू आहे." इंदूला सहावा महिना असताना तो कावीळ होऊन गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

तेव्हापासून इंदूचं एकच होतं. मुलगा झाला तर माधव.

आमच्यात बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. घरात आत्या एकच, अक्का. ती बारशाच्या आदल्या दिवशी नगऱ्याहून आली. इंदूने तिला जवळ बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. मी तिथेच पाळण्याची दोरी बांधत होतो. अक्का म्हणाली, "माधव तर माधव. चांगलं देवाचं नाव आहे." शब्द दिला तिने. माझ्या कानांनी ऐकलाय.

बारशाला बायका आत पाळण्याभोवती, आम्ही पुरुष दाराबाहेर. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं. अक्का पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि ताठ उभी राहून मोठ्याने म्हणाली, "त्र्यंबक!"

त्र्यंबक म्हणजे आमचे वडील. अक्का त्यांची लाडकी. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, सगळ्या बायकांना पटलंच. आत्या नाव ठेवते तेव्हा बायका तिच्या पाठीत लटके धपाटे घालतात, तशी रीत आहे. धपाटे सुरू झाले, हसणं सुरू झालं. तेवढ्यात इंदू पाटावरून उठली. बारा दिवसांची बाळंतीण, पण तिने जो धपाटा घातला त्याचा आवाज आम्हाला दाराबाहेर ऐकू आला. अक्काचा श्वास अडकला. डोळ्यांत पाणी आलं. पण तक्रार काय करणार? रीतच आहे. बायका आणखी हसल्या. अक्का पुढे दोन-तीन दिवस पाठीला हळद लावून बसली होती.

सगळे गेल्यावर इंदूने स्वयंपाकघरात विचारलं, "वन्सं, माधव ठरलं होतं ना?"

अक्का शांतपणे म्हणाली, "तुझं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं होतं. मेलेल्या माणसाचं नाव कोणी ठेवतं का?"

"मामंजी काय जिवंत आहेत?"

"ते भरल्या घरात, भरल्या वयात गेले. तुझा भाऊ तिशीही बघू शकला नाही. ते कपाळ माझ्या भाच्याला नको."

मी मध्ये पडलो. "अक्का, शब्द देऊन फिरलीस तू." तर मला म्हणते, "तू गप्प बस वसंता, बायकांच्या पाळण्यात तुझं काय काम?"

आत्याने पाळण्यात उच्चारलेलं नाव आत्याशिवाय कुणी बदलू शकत नाही, आणि अक्का बदलणार नव्हती. इंदू बाळाला घेऊन बसली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही.

"ठेवून दिलंय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली, रमकली. ओट्यावर टेकून तिने विचारलं, "काए बहू, लल्ला को का नाँव धरो?"

इंदू म्हणाली, "तुम क्या कहती हो इसे?"

"हम तौ लल्ला कहत।"

"बस, वही नाम है।"

अक्का आतून बाहेर आली. "हे काय? गवळ्यांच्या पोरांना हाक मारतात तसं? अगं, आपण पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेली माणसं!"

"आलात, पण परत गेलात का? मग इकडच्यासारखी हाक चालेल."

"आणि ठेवलेलं नाव कशासाठी आहे? नावाने हाक मार त्याला."

त्या क्षणी इंदूला ते सुचलं. मी समोर होतो, तिच्या चेहऱ्यावर ते येताना पाहिलं. जिने घरात कधी डोक्यावर पदर घेतला नाही, तिने तो हळूच कपाळापर्यंत ओढला, नजर खाली केली आणि बारीक आवाजात म्हणाली, "वन्सं, सासऱ्यांचं नाव? मी तोंडाने घेऊ? लोक काय म्हणतील?"

सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेने घेऊ नयेत, हे अक्कानेच इंदूला दहा वेळा ऐकवलं होतं. मी हसू दाबायला परसात गेलो.

सगळ्या रीती मोडलेल्या बाईने ही एक रीत धरली आणि मरेपर्यंत सोडली नाही. बाईंची मर्यादा ती ही.

पोर शाळेत गेलं. शाळेत नाव घालायला अक्काचे यजमान गेले होते, त्यांची तिथे ओळख. म्हणजे नाव त्र्यंबकच. महिन्याभराने मास्तर घरी आले.

"बहनजी, हाज़िरी में त्र्यंबक पुकारता हूँ तो लड़का इधर-उधर देखता है। कान में कुछ तकलीफ़ है क्या?"

तकलीफ कसली? पोराला ते आपलं नाव आहे हेच ठाऊक नव्हतं. इंदूने पुन्हा पदर ओढला. "मास्साब, हमारे ससुर जी का नाम है। मैं घर में कैसे लूँ? आप ही बताइए।"

मास्तरांनी हात जोडले. "धन्य हैं आप! आजकल कौन मानता है!" दुसऱ्या दिवसापासून तेही वर्गात लल्ला म्हणायला लागले. वाणी लल्ला म्हणायचा, न्हावी लल्ला म्हणायचा, पोस्टमन पाकीट हातात धरून गल्लीत विचारायचा, ये त्र्यंबक कौन है भैया? आणि गल्ली सांगायची, पता नहीं.

अक्काही सोडणारी नव्हती. त्यानंतर दर भाऊबीजेला ती खेळणं घेऊन यायची आणि दारातून हाक मारायची, "त्र्यंबक! कुठे आहे माझा त्र्यंबक?" हाकेला ओ दिली तरच खेळणं. एका वर्षी पोराने ओ दिली आणि पत्र्याची मोटार मिळवली. इंदू त्याला रागावली नाही. पुढच्या वर्षी अक्काने दारातून हाक मारली तेव्हा लल्ला तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, हात जोडले, आणि भिंतीवरच्या आमच्या वडिलांच्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "आत्या, आजोबा वर आहेत. ते आता खेळत नाहीत."

अक्काने माझं औक्षण केलं, पण ताटातलं काही खाल्लं नाही. इंदूने तिला बासुंदी वाढली, आणि अक्का नको नको म्हणत असताना आणखी वाढली.

हे लिहितोय म्हणजे इंदू दुष्ट होती असं कुणी समजू नये. अक्काचे यजमान गेले, मग दोन वर्षांनी अक्का पायरीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. सुना नोकरीच्या. इंदूने रिक्षा केली, नगऱ्याला गेली, आणि अक्काला उचलून आमच्या घरी आणलं. पाय जुळून येईपर्यंत अंघोळ घालणं, केस विंचरणं, बेडपॅन, सगळं हिने केलं. मला हात लावू दिला नाही. अक्काला आवडतो म्हणून रोज मऊ भात, वर मेतकूट.

पण लल्ला बँकेतून आला, दार वाजलं, की अक्का खाटेवरून मुद्दाम विचारायची, "कोण आलं गं?"

"लल्ला आलाय."

"कोण?"

"लल्ला, वन्सं. कान साफ करून देऊ का?"

एका दुपारी इंदू तिचे पाय चेपत होती. अक्का डोळे मिटून म्हणाली, "एवढं करतेस, इंदू. मग एकदा नाव घे की. संपवू आपण."

"तुम्ही माधव म्हणा. आत्ता इथे. आत्याने नाव बदललं असं लल्लाला बोलावून सांगा. मग संपेल."

अक्का म्हणाली, "वडिलांचं नाव मी काढून कसं घेऊ?"

"मग पाय इकडे करा," इंदू म्हणाली आणि दुसरा पाय चेपायला घेतला.

या दोघींच्या मध्ये जो होता त्याचं कुणी विचारलं नाही. लल्ला शांत पोरगा, खोटं बोलता न येणारा. बँकेत सगळे त्याला त्र्यंबकजी म्हणतात, घरी आला की लल्ला. पंचेचाळिशी उलटली, केस पांढरे झाले, तरी लल्ला. एकदा बँकेने त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. मॅनेजर म्हणाले, माताजी, आप भी त्र्यंबक जी के बारे में दो शब्द कहिए। इंदू उठली, माईक हातात घेतला, म्हणाली, "हमारा लल्ला बहुत अच्छा लड़का है। झूठ नहीं बोलता।" हॉल हसला. चांगलंच हसले लोक, वाईट हेतू नव्हता. पण मी लल्लाकडे बघत होतो. शाल अंगावर घेऊन तो बुटांकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने तिला विचारलं. आवाज चढवला नाही. "आई, तुझं भांडण आत्याशी आहे. त्यात माझा काय गुन्हा? सगळं जग मला त्या नावाने ओळखतं. तुझ्या तोंडून मी ते एकदाही ऐकलेलं नाही. मला कधीकधी वाटतं, तो दुसराच कुणी माणूस आहे आणि तो तुला आवडत नाही."

इंदू पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "तुझा गुन्हा नाही रे," म्हणाली. "तू मध्ये आलास."

त्या दिवशी तिने त्याच्यासाठी पुरण घातलं. सणवार काही नसताना. तिची माफी मागायची पद्धत तीच होती, पण नाव काही निघालं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर आला, माणूस शुद्धीवर किती आहे ते बघायला.

"अम्मा जी, आपका बेटा है ना ये? नाम क्या है इनका?"

"लल्ला।"

"नहीं, पूरा नाम। असली नाम बताइए।"

इंदूने ओठ मिटले. डॉक्टरने पुन्हा विचारलं. तिने डोळेही मिटले. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, याददाश्त पर असर लग रहा है। बेटे का नाम नहीं बता पा रहीं। लल्लाचा चेहरा उतरला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "डॉक्टर साहब! आज बुधवार है, कल की दाल में नमक नहीं था, और आपकी क़मीज़ का दूसरा बटन टूटा है। याददाश्त ठीक है।"

डॉक्टर बटण चाचपत गेला. मी हसलो. लल्ला हसला नाही. तो स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला.

"आई," म्हणाला, "डॉक्टरला नको सांगूस. मला सांग. एकदा हाक मार मला. मग मी आयुष्यात परत मागणार नाही."

इंदू त्याच्याकडे बघत राहिली. हात उचलला, त्याच्या कानावरचे पांढरे केस मागे सारले. मला वाटलं, आता म्हणते.

"वन्सं विचारतील तुला," ती म्हणाली. "मी गेल्यावर. शेवटी तरी नाव घेतलं का म्हणून. काय सांगशील?"

लल्लाने स्टूल आणखी पुढे ओढलं. अरे गाढवा, नाही म्हणायचं होतंस! सांगणार नाही म्हणायचं, तोंड शिवून घेईन म्हणायचं. दोन शब्दांचं खोटं. आयुष्यात एकदा.

"विचारलं तर सांगावं लागेल, आई."

"खूश होतील?"

"होईल बहुतेक. म्हातारी झालीय ती आता. होऊ दे ना."

इंदूने हात मागे घेतला. रागाने नाही. एखादं भांडं परत फळीवर ठेवावं तसा, जपून.

"मग नको, लल्ला," म्हणाली. "जा, चहा घेऊन ये. कँटीनचा नको, बाहेरच्या टपरीवरचा. आलं घालून."

तो उठला. वॉर्ड लांब होता, दोन्ही बाजूंना पलंग. तो खांदे पाडून चालत गेला, आणि इंदू मानेखाली हात घेऊन, डोकं उचलून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. दार त्याच्यामागे हलत राहिलं.

मी तिच्याजवळ वाकलो. "इंदू, आता तरी म्हण. तो गेलाय. त्याला ऐकू येत नाही. तुझं तुझ्यापुरतं एकदा म्हणून टाक."

"तू ऐकतोयस ना," ती म्हणाली. "तू तिचा भाऊ."

आणि पदराचं टोक दातात धरून ती दाराकडे बघत पडून राहिली, चहा येईपर्यंत.